व्लीच्या धबधब्याला पहिल्यांदा जाताना

घानाच्या पूर्वेला, टोगोच्या सीमेला अगदी खेटून व्ली नावाचं गाव आहे. रोमन लिपीत नाव ‘डब्ल्यू’ने सुरू होतं, त्यामुळे नवखा माणूस ‘विली’ म्हणतो आणि टॅक्सीवाला हसतो. ‘व्ली’ म्हणा. गावामागे डोंगराची हिरवी भिंत आहे आणि तिच्यावरून दोन टप्प्यांत कोसळणारं अगुमात्सा नदीचं पाणी. पश्चिम आफ्रिकेतला सगळ्यात उंच धबधबा म्हणून इथले लोक तो अभिमानाने दाखवतात.

अगुमात्सा या नावाचा अर्थ ‘मला वाहू द्या’ असा सांगतात. म्हणजे नदीही आधी परवानगीच मागते. या भागातल्या एवे लोकांमध्ये दुसऱ्याच्या अंगणात शिरण्याआधी ‘आगोऽ’ अशी हाक द्यायची रीत आहे. आतून ‘आमेऽ’ असं उत्तर आलं की मगच पाऊल टाकायचं. आपण दारात उभं राहून ‘आहे का कोणी घरात?’ म्हणतो, तसंच. मी नोकरीनिमित्त राजधानी अक्राजवळ तेमाला राहतो. पहिल्या खेपेला आम्ही चौघे गाडीतून उतरलो आणि लोणावळ्याला आल्यासारखे थेट पाण्याच्या आवाजाच्या दिशेने निघालो. झाडाखाली बसलेल्या आजोबांनी हाक मारून परत बोलावलं, खुर्च्या मागवल्या, पाणी दिलं, चौकशी केली आणि मग हसत विचारलं, ‘आता जायचं?’ ओरडले असते तर बरं वाटलं असतं. तो धबधबा गावाच्या परसात आहे, हे त्या दिवशी कळलं. पुढची सगळी माहिती हे धरूनच वाचा.

निघण्याआधी

भारतातून येणार असाल तर विमानाच्या तिकिटाआधी पिवळ्या तापाच्या लशीचं बघा. घानात प्रवेशासाठी तिचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे परत येताना भारतातही लागतं. लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घेतलेली असली पाहिजे, नाहीतर ते प्रमाणपत्र ग्राह्य धरत नाहीत. प्रमाणपत्र नसेल तर मुंबईत उतरल्यावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, तिथे ठरावीक वार असतात आणि नंबर लावावा लागतो. एकदा घेतली की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. ती पिवळी पुस्तिका पासपोर्टलाच रबराने बांधून ठेवा.

दुसरी गोष्ट मलेरिया. आपल्याकडे मलेरिया म्हटलं की लोक खांदे उडवतात, पण इथे मुख्यतः फाल्सीपॅरम जातीचा असतो, आणि तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. प्रतिबंधक गोळ्या कोणत्या आणि कधीपासून घ्यायच्या हे डॉक्टरांना विचारून ठरवा. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डासांचं मलम हवंच.

व्हिसा लागतो. मुंबईहून येताना बहुतेक जण अदिस अबाबा किंवा दुबईला विमान बदलून अक्राला पोहोचतात. इथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. विजेचे बोर्ड बहुतेक ठिकाणी इंग्लंडसारखे चौकोनी तीन पिनांचे, तेव्हा अडॅप्टर सोबत ठेवा.

कधी जावं

घानाच्या दक्षिण भागात पावसाळे दोन: एप्रिल ते जुलै मोठा, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास लहान. धबधबा भरून वाहताना पाहायचा तर जून ते ऑक्टोबर. नोव्हेंबरची सुरुवात मला सगळ्यात आवडते. पाणी अजून भरपूर असतं आणि वाट वाळू लागलेली असते. डिसेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत सहाराकडून हरमाटान नावाचा कोरडा, धुळीचा वारा येतो. ओठ फुटतात, आकाश पिठासारखं पांढरं होतं आणि समोरचा डोंगर फिकट सावलीसारखा दिसतो. धबधबा बारमाही आहे, पण तेव्हाचे फोटो बघून घरचे विचारतात, ‘कॅमेरा बिघडला का?’

ईस्टर, नाताळ, नवीन वर्ष हे दिवस टाळा. शाळांच्या बसगाड्या, मोठाले स्पीकर, पाण्यात शेकडो माणसं. तसं हवं असेल तर आपला भुशी डॅम जवळ आहे.

अक्रा ते होहोए

होहोए हे व्लीच्या आधीचं तालुक्याचं गाव. अक्राहून साधारण सव्वादोनशे किलोमीटर, पण रस्ता बघता चार-पाच तास धरा. मदिना भागातल्या स्टँडवरून होहोएच्या गाड्या सुटतात. इथल्या वडाप गाडीला ट्रोट्रो म्हणतात, आणि वडापचा नियम इथेही तोच: भरली की सुटणार. सकाळी सहाला स्टँडवर गेलात तर लवकर भरते. दहाला गेलात तर शेवटच्या तीन सीटांसाठी तासभर घामाघूम. कंडक्टरला ‘मेट’ म्हणतात. मोठ्या बॅगेचे तो वेगळे पैसे मागतो आणि त्यावर घासाघीस चालते, पण ती हसत करायची. दोघांपेक्षा जास्त असाल तर चालकासह गाडी ठरवणं सोयीचं, कारण वाटेत थांबण्यासारखं बरंच आहे.

त्यातलं एक ठिकाण आतिम्पोकू. व्होल्टा नदीवर 1957 साली सुरू झालेला अदोमीचा कमानी पूल इथे आहे. वरच्या अंगाला अकोसोंबोचं धरण, 1965 साली पुरं झालेलं, आणि त्याच्या मागे क्षेत्रफळाने जगातल्या सगळ्यात मोठ्या मानवनिर्मित जलाशयांमधला एक. गाडी थांबली की डोक्यावर परात घेतलेल्या बायका खिडकीला भिडतात. परातीत आबोलो असतात: आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे, पानात वाफवलेले गोडसर, मऊ गोळे. इडली आणि पानगी यांच्या मधलं काहीतरी. सोबत तळलेले इवलेसे मासे देतात. शाकाहारी असाल तर नुसते आबोलो मागा. इथे एक सूचना: तो जलाशय कितीही सुंदर दिसला तरी त्याच्या संथ पाण्यात पाय बुडवू नका. गोगलगायींमार्फत पसरणारा बिल्हार्झिया नावाचा रोग धरणानंतर या काठांवर फार वाढला. त्याचे जंतू थेट त्वचेतून शिरतात.

होहोएला पैसे काढून घ्या. व्लीत एटीएमच्या भरवशावर राहू नका. मोबाइलवरून पैसे देण्याची इथली पद्धत, लोकांच्या तोंडी ‘मोमो’, सगळीकडे चालते, पण त्यासाठी इथलं सिमकार्ड लागतं. चलन सेदी. मोठी नोट खेड्यात मोडत नाही, तेव्हा सुटे सांभाळून ठेवा.

होहोए ते व्ली वीसेक किलोमीटर. शेअर टॅक्सी, ट्रोट्रो किंवा ‘ओकाडा’ म्हणजे मोटरसायकल. ओकाडावर बसायचं तर हेल्मेट मागा, आणि नसेल तर टॅक्सी बघा. या पट्ट्यात सीमा जवळ असल्याने पोलिसांच्या चौक्या लागतात. पासपोर्टची प्रत हाताशी असू द्या, आणि चौकीचा फोटो काढायच्या भानगडीत पडू नका.

गावात शिरताना

पहिलं काम नमस्कार. एवे भाषेत ‘वोएझोऽ’ म्हणजे ‘या, स्वागत आहे’. त्यावर ‘योऽ’ म्हणायचं. आभार मानायला ‘आक्पे’. तो ‘क्प’ एका दमात, दोन्ही अक्षरं ओठांत एकदमच फोडल्यासारखा म्हणायचा असतो. पहिले दोन दिवस जमत नाही, पण प्रयत्न केला की समोरचा माणूस सैल होतो. बसलेल्या माणसांशी हात मिळवायचा असेल तर उजव्या बाजूपासून सुरुवात करा, आणि देणं-घेणं उजव्याच हाताने. ते आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही. मुलं ‘येवू, येवू!’ ओरडत मागे येतील. मूळ अर्थ गोरा माणूस, पण इथे आपणही त्यातच मोजले जातो. रागावण्यासारखं काही नाही. गोळ्या-चॉकलेटं मात्र वाटू नका. एकदा वाटली की पुढच्या प्रत्येक पाहुण्याकडे हात पसरले जातात, आणि गावातल्या मोठ्यांना ते आवडत नाही.

दुसरं काम नोंदणी. वाटेच्या तोंडाशी पर्यटकांसाठी कार्यालय आहे. वहीत नाव, शुल्क, पावती. परदेशी माणसाचं शुल्क स्थानिकांपेक्षा जास्त असतं. अजिंठ्याला आपणही तेच करतो. पावती मागून घ्या. सोबत वाटाड्या मिळतो, आणि तो नको म्हणायचा विचारही करू नका. खालच्या धबधब्याची वाट तशी सरळ आहे, पण वाटाड्यामुळेच ती वाट बोलू लागते. शेवटी त्याला वरचे काही सेदी हातात द्यावेत.

तो तुम्हाला बहुधा पहिला प्रश्न विचारेल, ‘जन्म कुठल्या वारचा?’ घरून निघतानाच आईला विचारून ठेवा. इथे जन्मवारावरून नाव पडतं. शुक्रवारचा मुलगा कोफी, मुलगी आफी. सोमवारचा कोजो, मुलगी आजो. बुधवारचा कोकू, मुलगी आकू. शनिवारचा कोमी, मुलगी आमा. वार सांगितलात की त्या क्षणापासून तुमचं खरं नाव कोणी वापरत नाही. मी चार वर्षं व्लीत कोकू आहे.

खालचा धबधबा

वाट पाऊण तासाची, जवळपास सपाट. नदी नागमोडी असल्याने ती पुन्हा पुन्हा आडवी येते आणि प्रत्येक वेळी छोटा पूल लागतो. दोन्ही बाजूंना कोकोची झाडं. त्यांची फळं फणसासारखी थेट खोडाला लगडलेली असतात: हिरवी, पिवळी, तांबूस. फोडल्यावर आत बियांभोवती पांढरा, आंबटगोड गर. चॉकलेटची चव त्यात शोधू नका, ती बिया आंबवून, वाळवून, भाजल्यावर येते. वाटाड्याने दिलं तर चाखा, पण स्वतः हात लावू नका. ते रान वाटलं तरी कोणाचं तरी शेत आहे. अननस, केळी, कॉफीही याच ओळीत दिसतात.

मध्येच वाटेवर काळी, हलणारी दोरी पडल्यासारखी मुंग्यांची रांग दिसेल. तिच्यावरून उडी मारा, पाय ठेवू नका. या मुंग्या पँटच्या आतून वर चढतात आणि सगळ्या मिळून चावतात. माझ्या एका मित्राने भर वाटेवर पँट काढली होती. गावात अजून ती गोष्ट सांगतात.

धबधबा दिसण्याआधी अंगाला लागतो. शेवटच्या वळणावर गार वारा आणि तुषार समोरून येतात, बोलणं ऐकू येईनासं होतं, आणि मग झाडं संपून एकदम मोकळं मैदान आणि समोर ती उंच पांढरी रेघ. कड्यावर दोन्ही बाजूंना काळपट डाग दिसतात. नीट बघितलं तर ते हलतात. फळं खाणारी वटवाघळं आहेत, हजारोंनी. दिवसासुद्धा त्यांचे थवे कड्यासमोर घिरट्या घालतात, आणि संध्याकाळी ती बाहेर पडतात तेव्हा बघत राहावं. कड्याच्या अगदी खाली तोंड वर करून उभं राहू नका, कारण उघड आहे. खाली पडलेलं वटवाघूळ उचलू नका, उष्टी फळं खाऊ नका.

पाण्यात उतरता येतं. डोह कडेला उथळ आहे. लोक हात धरून पाठमोरे धबधब्याकडे सरकत जातात, कारण तोंड तिकडे केलं तर तुषारांनी डोळे उघडत नाहीत. ऐन धारेखाली जाऊ नका. इतक्या उंचीवरून पाणी दगडासारखं लागतं, आणि त्याच्याबरोबर खरेच दगड-फांद्याही येऊ शकतात. वाटाड्या थांब म्हणाला की थांबायचं. फोनसाठी प्लास्टिकची पिशवी, बदलायला कोरडे कपडे, आणि पायात पकड असलेल्या सँडल. साध्या रबरी चपला इथे निम्म्या वाटेवर तुटतात.

आभाळ भरून आलं तर मात्र फोटो सोडून बाहेर पडा. जून 2024 मध्ये भुशीजवळ एक कुटुंब काही क्षणांत वाहून गेलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. घानातही मार्च 2017 मध्ये किंटाम्पोच्या धबधब्यावर वादळात मोठं झाड पाण्यातल्या लोकांवर कोसळलं आणि सहलीला आलेली कित्येक शाळकरी मुलं दगावली. वर डोंगरात पडलेला पाऊस खाली कळायला वेळ लागतो. पाणी गढूळ झालं, पानं-काटक्या वाहून येऊ लागल्या, की निघायचं.

वरचा धबधबा

ही वेगळी गोष्ट आहे. जाऊन-येऊन चार-पाच तास, आणि चढ असा की हात टेकावे लागतात. सह्याद्रीत नेहमी फिरणाऱ्याला जमेल, पण दमटपणा कोकणातल्या मे महिन्यासारखा आहे, हे धरून चाला. वाटाड्याशिवाय मुळीच नाही. सकाळी सातला निघा. माणशी दोन लिटर पाणी घ्या, आणि गुडघे कुरकुरणारे असतील तर उतरण्याचा विचार आधी करा. कालच पाऊस झाला असेल तर बेत सरळ रद्द करा. लाल माती साबणासारखी होते.

वर गेलात की खालच्यासारखी गर्दी नसते. डोंगराची धार म्हणजे टोगोची हद्द. पलीकडेही एवे बोलणारीच माणसं आहेत. हा सगळा मुलूख एकेकाळी जर्मन टोगोलँड होता. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी आणि फ्रेंचांनी तो वाटून घेतला, आणि 1956 च्या सार्वमताने ब्रिटिशांकडचा भाग पुढे घानात आला. म्हणून एकाच घरातला एक भाऊ शाळेत इंग्रजी शिकला आणि दुसरा फ्रेंच, असं इथे सहज ऐकायला मिळतं. गावातून टोगोत जायची अधिकृत चौकी आहे. पण तुमचा घानाचा व्हिसा एकदाच प्रवेश देणारा असेल तर गंमत म्हणूनही ओलांडू नका. परत यायला नवा व्हिसा लागेल.

इथे वर्षभर संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. विषुववृत्त जवळ असल्याने संधिप्रकाश फार रेंगाळत नाही, पडदा पाडल्यासारखा अंधार होतो. सकाळ सरल्यावर वरच्या वाटेला लागूच नये.

जेवण

मांसाहारी माणसाला काही अडचण नाही. आक्प्ले म्हणजे मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळा, आणि फेत्री देत्सी म्हणजे भेंडीची बुळबुळीत आमटी. उजव्या हाताने गोळ्याचा तुकडा तोडायचा, आमटीत बुडवायचा आणि फारसा न चावता गिळायचा. भेंडी चिकट होऊ नये म्हणून आपण जितके उपाय करतो, तितकेच हे लोक ती चिकट व्हावी म्हणून करतात.

शाकाहारी माणसाने नीट बोलावं लागतं. ‘मांस नको’ म्हटलं की मासे येतात. ‘मासेही नको’ म्हटलं तरी सुक्या कोळंबीची भुकटी राहतेच, आणि शितो नावाची जी काळी, झणझणीत चटणी प्रत्येक टेबलावर असते तिच्यातही मासळी असते. त्यापेक्षा रस्त्यावरचं खाणं बरं: निखाऱ्यावर भाजलेलं राजेळीसारखं मोठं केळं आणि भाजके शेंगदाणे. याला इथे ‘कोफी ब्रोकमॅन’ म्हणतात, म्हणजे खिसा रिकामा असलेल्या कोफीचं जेवण. तळलेला याम म्हणजे सुरणाचा धिप्पाड चुलतभाऊ, तोही चांगला. गारी म्हणजे कसाव्याचा भाजका रवा. पाणी, साखर, शेंगदाणे घालून भिजवला की नाश्ता झाला. मी तरीही मेतकूट आणि दशम्या नेतो. व्लीच्या एका मावशींना मेतकूट इतकं आवडलं की आता माझ्याकडे बरणीची मागणी असते.

पाणी सीलबंद पिशवीतलं प्या, अर्ध्या लिटरच्या पिशव्या सगळीकडे मिळतात. रिकाम्या पिशव्या परत घेऊन या.

मुक्काम आणि दुसरा दिवस

एका दिवसात अक्राहून येऊन परत जाता येतं, पण तो प्रवास होतो, भेट होत नाही. गावात राहण्याच्या साध्या, स्वच्छ जागा आहेत. काहींच्या अंगणातूनच धबधबा दिसतो. आरक्षण करताना मच्छरदाणी आहे का, एवढं विचारा. वीज जाते, आणि तिच्या येण्या-जाण्याला इथे ‘दुमसोर’ असा खास शब्द आहे. लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या माणसाला तो लगेच आपला वाटतो. बॅटरी सोबत असू द्या.

दुसरा दिवस असेल तर लियाती वोते गाठा. 885 मीटर उंचीचा अफाजा, घानातलं सर्वोच्च शिखर, तिथूनच चढतात. उंची कळसूबाईच्या जवळपास निम्मी, पण वाट वळणं न घेता सरळ अंगावर येते. त्याच गावातून ताग्बो धबधब्याला शेतांतून वाट जाते, आणि तिथे अनेकदा तुमच्याशिवाय कोणीच नसतं. तिथेही आधी कार्यालय, वही आणि ‘आगोऽ’. लहान मुलं सोबत असतील तर डोंगराऐवजी ताफी आतोमेला जा. तिथल्या मोना माकडांना गावाने पूर्वापार पवित्र मानून जपलं आहे, आणि ती केळं सोलायला तुमची वाट बघत नाहीत.

परतताना

व्लीहून होहोएला सकाळीच निघा. दुपारनंतर गाड्या विरळ होतात, रविवारी तर फारच. होहोएहून अक्राची गाडी दुपारच्या आत धरली तर अंधाराआधी पोहोचता. रात्रीचा प्रवास नको, कारण रस्त्यात दिवे नसलेले बंद ट्रक उभे असतात.

घरी गेल्यावर पुढचे दोन-तीन महिने ताप आला तर तो व्हायरल म्हणून अंगावर काढू नका. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्या-मुंबईचा कोणताही डॉक्टर आधी डेंग्यूच बघणार. तुम्ही पहिल्याच वाक्यात सांगा, ‘मी घानाहून आलोय, मलेरियाची तपासणी आजच करा.’ गोळ्यांचा कोर्स परतल्यावरही डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपर्यंत पुरा करायचा असतो. बरेच जण तो विमानतळावरच सोडतात.